एव्हरेस्ट नेपाळ-चीन सीमेवर आहे, मग शेजारचं नुप्त्से शिखर पूर्ण नेपाळमध्ये कसं?

कारण सीमा शिखराला शिखर जोडून आखत नाहीत. ती जलविभाजकावरून जाते, म्हणजे जिच्या दोन अंगांचं पाणी वेगवेगळ्या नद्यांना जातं त्या धारेवरून. शिखर त्या धारेवर असेल तरच सीमेवर. उंचीचा संबंध नाही.

एव्हरेस्टच्या उत्तरेचं पाणी रोंगबुक हिमनदीतून तिबेटात उतरतं, नैर्ऋत्येचं खुंबू हिमनदीतून नेपाळातल्या दूधकोशी नदीला जातं. शेजारचं ल्होत्से शिखरही याच मुख्य धारेवर आहे. नुप्त्से (७,८६१ मीटर) मात्र ल्होत्सेपासून पश्चिमेकडे गेलेल्या सोंडेवर, म्हणजे मुख्य धारेतून फुटलेल्या फाट्यावर आहे. तिच्या दोन्ही बाजूंचं पाणी शेवटी दूधकोशीलाच मिळतं. उलट चांगत्से शिखर एव्हरेस्टच्या उत्तरेच्या सोंडेवर, म्हणून पूर्ण तिबेटात.

हे स्वतः पडताळायचं तर समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घ्या. आधी दोन्ही बाजूंचे ओढे निळ्या पेन्सिलीने अगदी उगमापर्यंत न्या. मग एकाही ओढ्याला न छेदणारी रेषा काढा. समोच्च रेषांची टोकं चढाकडे वळली असतील तर ती घळ, उताराकडे वळली असतील तर सोंड. चूक होते ती खिंडीत: तिथे धार सपाट होते आणि डोळा जवळच्या उंच सोंडेकडे ओढला जातो. सह्याद्रीत नकाशावर घाटमाथा शोधतानाही नेमकं हेच होतं. आणि अरुण नदीसारख्या ठिकाणी ही रीत चालतच नाही, कारण ती तिबेटात उगम पावून हिमालय कापून नेपाळात येते. तिथे सीमेला नदी ओलांडावीच लागते.

खरी भांडणं होतात ती करारात शिखराचं नाव आणि जलविभाजक दोन्ही लिहिल्यावर. १८९० चा सिक्कीम-तिबेट करार बघा. त्यात तीस्तेचं पाणी वेगळं करणारी धार ही सीमा असं म्हटलंय, आणि ती भूतानच्या हद्दीवरच्या गिपमोची शिखरापासून सुरू होते असंही. पण भारत आणि भूतानच्या म्हणण्यानुसार ही धार भूतानच्या हद्दीला मिळते ती उत्तरेला काही किलोमीटरवरच्या बटांग ला खिंडीपाशी. चीन शिखराचं नाव धरून बसतो, भारत-भूतान जलविभाजक. मधला भाग म्हणजे डोकलाम, आणि २०१७ च्या जून ते ऑगस्टमध्ये सैन्यं समोरासमोर उभी राहिली ती तिथेच. माझ्या मते तत्त्व आधी, नाव नंतर असंच वाचायला हवं. भूतान तर त्या करारात पक्षकारही नव्हता.

हिमनदीवर आणखी एक घोळ असतो: बर्फाखालचा जलविभाजक दिसत नाही, आणि बर्फ वितळलं की वरचा सरकतो. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेला हिममानव ओत्झी इटलीचा की ऑस्ट्रियाचा, यासाठी नव्याने मोजणी करावी लागली. तो सीमेपासून ९२.५६ मीटर इटलीत निघाला, जरी त्या जागेचं पाणी ऑस्ट्रियाकडे उतरतं. १९१९ मध्ये सीमा ठरली तेव्हा तिथे हिमनदी असल्याने जलविभाजक नीट कळला नव्हता. मॅटरहॉर्नजवळ तर इटली आणि स्वित्झर्लंड यांनी बर्फ घटल्यामुळे सीमारेषाच नव्याने ठरवली. स्वित्झर्लंडने तिला २०२४ मध्ये मंजुरी दिली.

मोबाइलवरच्या नकाशावर मात्र विसंबू नका. वादग्रस्त सीमा तिथे तुम्ही कुठल्या देशातून पाहता त्यानुसार बदलून दिसतात. भारतापुरता अधिकृत नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा.