वाचकांचे प्रश्न : मध्ये गाडी बदलावी की थेट जावे?

प्रश्न : फोनवर मागणी आली की जीप पाठवायची, अशी सामाईक सेवा आम्ही काही गाडीमालक सुरू करणार आहोत. गुहागरकडे जाणाऱ्यांना वाटेत दुसऱ्या गाडीत बसवले, तर फेऱ्या वाचतील का? वेळा कशा जुळवाव्यात? — एक वाचक, दाभोळ

उत्तर : वाचतील, परंतु सरसकट नव्हे. प्रवाशांना मध्येच गाडी बदलू देणाऱ्या अशा सेवांविषयी फ्रान्समधील संशोधकांनी २०१४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रत्यक्षातील उदाहरणांवर बचत जास्तीत जास्त ८ टक्के भरली. भर पावसात बोचकी घेऊन फाट्यावर उभे राहणाऱ्याचा त्रास पाहता हा लाभ मला थोडाच वाटतो. दाभोळची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे वाशिष्ठीची खाडीच आडवी असल्यामुळे प्रवाशाने फेरीबोटीने धोपाव्याला उतरून तेथे पलीकडची गाडी धरावी, हे सोयीचे. आपल्या जीपला चिपळूणचा वळसाही नको आणि बोटीचे भाडेही नको.

खरी अडचण पुढेच आहे. थेट सेवेत एका गाडीला उशीर झाला तर तिचेच प्रवासी खोळंबतात; येथे बोट चुकली की धोपाव्याची गाडी थांबते आणि तिची वाट पाहणारे वेलदूर-अंजनवेलचे लोकही रखडतात. याहून फसवा प्रकार असा, की पहिली गाडी धोपाव्याला दुसरीच्या प्रवाशासाठी थांबली आहे आणि त्यानंतरच ती शृंगारतळीला जाऊन आपला प्रवासी दुसरीच्या हवाली करणार आहे. दुसरी मात्र तो प्रवासी आधी शृंगारतळीला घेऊन मगच धोपाव्याला निघणार आहे. सुटे पाहिले तर दोन्ही मार्ग बिनचूक, पण एकत्र पाहिले तर दोन्ही गाड्या जागच्या हलणार नाहीत. म्हणून नवा फोन आला की एकाच गाडीचे नव्हे, तर तिच्याशी बांधल्या गेलेल्या सर्व गाड्यांचे वेळापत्रक पुन्हा तपासावे लागते. खाडीच्या एकाच काठावरच्या प्रवाशाला आधी थेट बसवून पाहावे, न जमल्यासच बदल सुचवावा, आणि बदलाच्या जागा छप्पर असलेल्या दोन-तीनच ठेवाव्यात.

हिशेब करताना जेटीवरची दहा मिनिटे गाडीतल्या दहा मिनिटांहून जड धरावीत. उशीर भरून काढण्यासाठीचा राखीव वेळ सर्वत्र सारखा वाटून देऊ नये, कारण त्याने सगळेच रेंगाळतात. तो बोटीच्या आधी ठेवावा. शेवटच्या बोटीला मात्र, तिचे प्रवासी उतरल्याखेरीज धोपाव्याची गाडी हलवू नये.