थेंबावरची साय आणि ती विस्कटणारं विकर

ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला दोन प्रश्न दिसले. लेकीने एमएस्सीच्या सेमिनारला समुद्रतुषारांच्या पृष्ठभागावरचे सेंद्रिय रेणू आणि विकरं (म्हणजे एन्झाइम) हा विषय घेतलाय, आणि 'डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबात एन्झाइम करणार तरी काय' इथे तिचं घोडं अडलंय. दुसरं, ऐरोलीच्या खाडीत दिसणारा फेस हाच का तो प्रकार.

दुसऱ्याचं आधी आटोपतो. नाही. आपली खाडी आत शिरलेली, तिथे लाटा फुटत नाहीत, आणि फेसात सांडपाण्याचाही हात असतो. हे तुषार तयार होतात ते उघड्या समुद्रावर.

लाट फुटली की हवा पाण्यात कोंडली जाते. तो बुडबुडा वर येताना वाटेतले तेलकट रेणू अंगाला लावून घेतो. पाण्याच्या अगदी वरच्या थरात मेदाम्लं, प्रथिनं, शैवालांचे चिकट शर्करापदार्थ आधीच गोळा झालेले असतात. बुडबुड्याची टोपी फाटली की तिच्या चिंध्यांचे बारीक थेंब उडतात, ते सेंद्रिय मालाने भरलेले. मागच्या खळग्यातून जी पिचकारी उडते तिचे थेंब बहुतेक मोठे आणि जास्त खारे. आयर्लंडच्या किनाऱ्यावर मेस हेड केंद्रात मोजलं तेव्हा, शैवाल फोफावण्याच्या काळात एका मायक्रॉनहून लहान कणांच्या वस्तुमानात 63 टक्के सेंद्रिय भाग निघाला. हिवाळ्यात तो 15 वर आला. हे 2004 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे 'समुद्राची हवा म्हणजे मीठ' हे अर्धंच खरं.

आता तिने एक हिशोब करून बघावा. 100 नॅनोमीटर व्यासाचा थेंब घ्या. त्याच्यावर पामिटिक आम्लाचा (हो, पामतेलातलंच) एकपदरी (एकाच रेणूच्या जाडीचा) थर बसवा, जाडी साधारण 2 नॅनोमीटर. नुसत्या त्या सालीतच थेंबाचं सुमारे 11 टक्के घनफळ जातं. आमटीच्या पातेल्यावर तवंग असला तर आमटी आमटीच राहते. इथे तवंगच थेंबाचा दहाव्याहून जास्त हिस्सा खातो.

विकराचं मला पुस्तकातून कळलं नाही. माझी बरीच वर्षं महापेला एका डिटर्जंट कारखान्याच्या लॅबमध्ये गेली, डाग काढणारं लायपेज, म्हणजे मेद तोडणारं विकर, तपासण्यात. ट्रायब्युटिरिन नावाच्या मेदाचं पाण्यात घुसळण करायचं, त्यात विकर सोडायचं, सुटणारं आम्ल कॉस्टिकने मोजत बसायचं. खवट लोण्याचा वास शर्टातून जायचा नाही, लोकलमध्ये लोक सरकून बसायचे. एके दिवशी स्टिरर बंद पडला आणि बघता बघता कॉस्टिक लागायचंच थांबलं. मला वाटलं विकर मेलं. स्टिरर चालू केला, पुन्हा जोरात! थेंब एकत्र येऊन तेलाचा पृष्ठभाग घटला होता, एवढंच. लायपेज पाण्यात नव्हे, तेल-पाण्याच्या सीमेवर कामाला लागतं. पुष्कळ लायपेजांच्या क्रियास्थानावर (जिथे मेद तुटतो त्या जागेवर) एक झाकण असतं, ते सीमेवर टेकल्यावर उघडतं. आता विचार करा, इवलासा थेंब म्हणजे जवळजवळ सगळी सीमाच. विकराला याहून चांगली जागा कुठली?

समुद्रात हे लायपेज जीवाणू सोडतात. ते मेद तोडून मोकळी मेदाम्लं करतं, आणि ती थेंबाच्या पृष्ठभागावर डोकं पाण्यात, शेपूट हवेत अशी दाटीने उभी राहतात. पण विकर स्वतःही त्याच गर्दीत घुसतं आणि रांग विस्कटतं. घट्ट सायीतून पाण्याची वाफ आणि बाहेरचे वायू सहज ये-जा करत नाहीत. साय सैल पडली की वाट मिळते. मग हवेतलं नायट्रिक आम्ल आत शिरून मिठातला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात बाहेर हाकलतं, सोडियम नायट्रेट मागे उरतं. आपल्यासारख्या धुराच्या शहराकडे येणाऱ्या समुद्री हवेत ही अदलाबदल ठरलेली.

कॅल्शियम विसरू नका. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यात साबण फेसाळत नाही, बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो. मेदाम्ल आणि कॅल्शियमची तीच जोडी थेंबाच्या सालीतही जमते. फक्त एक मेख आहे. कॅल्शियम धरायला मेदाम्लाने आपला हायड्रोजन सोडलेला असावा लागतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या आसपास, पण तुषार हवेत उडाल्याबरोबर तो किमान 4 एककांनी उतरतो. सॅन दिएगोच्या गटाने प्रयोगशाळेतल्या लाटांवर हे मोजलं, 2021 मध्ये छापलं. पीएच उतरला म्हणजे थेंब आम्लधर्मी झाला, आणि तशा पाण्यात मेदाम्ल हायड्रोजन सहजी सोडत नाही. तेव्हा थेंब उडाला की सालीचं रसायनही पालटतं. परीक्षक इथेच पकडतील.

स्लाइडआधी तिला एक करून दाखवायला सांगा. परातीत पाणी, वर मिरपूड भुरभुरायची, मधोमध साबणाचं बोट टेकवायचं. मिरपूड कडेला पळते, कारण मेदाम्लाचा क्षार पृष्ठभागावर पसरतो. मग परात बदलून, पाण्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून, पुन्हा तेच, आणि फरक बघायचा. साबण अंगाचाच घ्या, भांड्यांचं लिक्विड नको. ते कॅल्शियमला फारसं जुमानत नाही.