शेवटचा घाट जिंकूनही स्पर्धा कशी हरते?

प्रश्न असा की, २०२४ च्या महिलांच्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत शेवटचा टप्पा डेमी फोलरिंगने जिंकला, मग एकूण पहिलीला मिळणारी पिवळी जर्सी कासिया न्येव्यादोमाला का?

कारण टप्पा वेगळा आणि स्पर्धा वेगळी. सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज होते; सर्वांत कमी वेळ जिचा, ती विजेती.

खरा घोळ पाचव्या टप्प्यात झाला. पिवळ्या जर्सीतली फोलरिंग तिथे पडली आणि पावणेदोन मिनिटं गमावून बसली. शेवटच्या दिवशी सुरुवातीला ती कासियाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. आल्प द्युएझच्या चढावर संपणाऱ्या त्या टप्प्यात तिने ६१ सेकंद भरून काढले, पहिली आल्याचे १० सेकंद बोनस म्हणून वेळेतून वजा झाले. करा बेरीज. उरले ४ सेकंद!

तो चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८ टक्के, एकवीस वळणं. आम्ही चिपळूणचे, रविवारी सायकलने कुंभार्ली घाट चढतो. पायथ्याची पोफळी सुटली की गप्पा बंद. पुढचा मालट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतो आणि तरी तो आमच्या पुढेच! सपाटीला दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो, चढावर वेगच कमी, त्यामुळे आडोशाचा फायदाही कमी. पायात असेल तेवढंच. म्हणून घाटात मिनिटं जातात आणि येतात.

कासिया त्या दिवशी चौथी आली. पण हिशेब सांभाळून आली.