गिटारवादक नसलेला रॉक

प्रश्न : काकांच्या संग्रहातील ‘क्वाटरमास’ या इंग्रजी बँडच्या एकमेव तबकडीत लीड गिटार का ऐकू येत नाही? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : कारण त्या त्रिकुटात गिटारवादकच नव्हता. जॉन गुस्टाफसन बास वाजवीत आणि गात, मिक अंडरवुड ड्रमवर असत, आणि गिटारची सारी जागा पीटर रॉबिन्सन हॅमंड ऑर्गनने (विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या वाद्याने) भरून काढीत. आपल्या खान्देशातील भजनांत पेटी गायकाच्या मागोमाग चालते. येथे मात्र ऑर्गनच पुढे होऊन गाण्याला ओढून नेतो, आणि माझ्या मते हेच या तबकडीचे खरे वैभव आहे. ती १९७० मध्ये ‘हार्वेस्ट’ या रेकॉर्ड लेबलने काढली, पुढच्याच वर्षी बँड विसर्जित झाला. तिच्यातील ‘ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली’ हे गीत १९७५ मध्ये ‘रेनबो’ या बँडने पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तेही अवश्य ऐकावे.