एक्सेल सतत पासवर्ड मागतंय? आधी मागतंय कोण ते बघा

डेटाबेसमधून आणि शेअरपॉइंटवरून (फाइली ठेवायची मायक्रोसॉफ्टची सामायिक जागा) डेटा आणणारी तुमची एक्सेल फाइल सतत पासवर्ड मागते असं तुम्ही लिहिलंय. ते वर्णन वाचून माझेच जुने दिवस आठवले. फाइल उघडली की लॉगिनची चौकट येते, पासवर्ड बरोबर दिला तरी ती पुन्हा दोन-तीनदा उगवते. कधी डेटा येतो, तर कधी अकाउंट लॉक झाल्याचा संदेश. ऑफिस काढून पुन्हा टाकून झालं, पासवर्डही बदलून झाला, तरी ये रे माझ्या मागल्या. नेटवर्क, व्हीपीएन, कॅप्स लॉक वगैरे तुम्ही बघितलं असेलच, त्यात जात नाही.

एक कळकळीची विनंती: कारण सापडेपर्यंत पासवर्ड पुन्हा बदलून घेऊ नका. आमच्याकडे नेमकं त्यानेच दुखणं वाढलं.

मी एका कंपनीत रिपोर्टिंगचं काम घेतलं तेव्हा विभागाला एसक्यूएल सर्व्हरचं (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस यंत्रणा) एकच सामायिक लॉगिन दिलेलं होतं. आधीच्या माणसाने बनवलेल्या मुख्य फाइलमध्ये तो पासवर्ड साठवलेला, आणि त्या फाइलच्या प्रती अर्ध्या मजल्याकडे. प्रत्येक प्रतीत 'फाइल उघडताना डेटा रिफ्रेश करा' यावर टिक. कधीतरी धोरणाप्रमाणे पासवर्ड बदलला आणि तमाशा सुरू झाला. कोणीही आपली जुनी प्रत उघडली की ती मुकाट्याने जुना पासवर्ड सर्व्हरकडे पाठवायची. फाइलमध्ये कनेक्शन, म्हणजे डेटाबेसशी जोडणी, एक नव्हतं. पिव्होट (सारांश तक्ता) असलेलं शीट कॉपी केलं की बरेचदा कनेक्शनचीही प्रत होते, 'कनेक्शन१', 'कनेक्शन२' अशी पिलावळ वाढत जाते. म्हणजे माणसाने फाइल एकदा उघडली की चुकीच्या पासवर्डचे चार-पाच प्रयत्न लागोपाठ, आणि त्या लॉगिनला विंडोजचं पासवर्ड धोरण लागू असल्यामुळे ते सगळ्यांसाठीच लॉक. मी माझ्या जागेवर बरोबर पासवर्ड टाकतेय आणि दार बंद.

मग मी हेल्पडेस्ककडे. त्यांचं उत्तर दर वेळी तेच: 'पासवर्ड रिसेट केला आहे, तिकीट बंद करत आहोत.' आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नवा पासवर्ड आला की ज्यांनी कालच कुठूनतरी मिळवून आपल्या फाइलमध्ये बरोबर पासवर्ड साठवला होता, त्यांच्याही फाइली शिळ्या होणार. म्हणजे चुकीचा पासवर्ड पाठवणाऱ्या फाइली रिसेटगणिक वाढतच गेल्या. मी लिहून विचारलं होतं की सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, काय दिसतंय ते कोणी बघेल का. त्यावर 'आपला सिस्टिम कॅशे साफ करून पाहा' असं उत्तर. तिकीट किती लवकर बंद झालं यावर ज्यांचं मूल्यमापन होतं, त्यांच्याकडून याहून काय अपेक्षा करणार. असो.

शेवटी डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना मी थेट गाठलं. त्यांनी एरर लॉग उघडला आणि चहा यायच्या आत उत्तर मिळालं. लॉगिन फसलं की आपल्याला एक्सेलमध्ये १८४५६ हा एरर दिसतो आणि त्याच्यापुढे स्टेट (कारणाचा क्रमांक) १. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, बाहेरच्याला खरं कारण कळू नये म्हणून. खरं स्टेट सर्व्हरच्या लॉगमध्येच असतं: ८ म्हणजे पासवर्ड जुळला नाही, ५ म्हणजे असा युजरच नाही. त्याच नोंदीच्या शेवटी कुठल्या मशीनवरून प्रयत्न झाला त्याचा आयपी पत्ता. लॉगमध्ये स्टेट ८ ची रांग लागली होती, आणि पत्ते माझे नव्हतेच, इतरांचे होते. तुमच्याकडे १८४८६ हा आकडा दिसत असेल तर लॉगिन लॉक आहे हे नक्की, १८४८७ असेल तर पासवर्डची मुदत संपलीय. म्हणून आयटीला 'लॉगिन होत नाही' असं सांगू नका. 'अमुक वेळेच्या आसपासच्या फसलेल्या लॉगिनची स्टेट आणि क्लायंटचे पत्ते द्या' असं मागा. वेळ मिनिटासकट द्या, नाहीतर शोधणार नाहीत.

आता तुमच्या बाजूने काय बघता येईल. चौकट कोणती येते हे आधी नीट बघा, कारण चौकट वेगळी तर मागणाराही वेगळा.

छोटी, जुनाट, 'एसक्यूएल सर्व्हर लॉगिन' असं शीर्षक आणि आत 'यूज ट्रस्टेड कनेक्शन' असेल तर ते जुन्या पद्धतीचं कनेक्शन. डावीकडे विंडोज, डेटाबेस असे पर्याय असलेली मोठी चौकट पॉवर क्वेरीची (एक्सेलमधलं डेटा आणायचं नवं साधन). आणि ईमेल विचारणारी पांढरी खिडकी म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याचं साइन-इन, त्याचा तुमच्या डेटाबेसच्या पासवर्डशी संबंध नाही. लोक हे तिन्ही एकच समजून प्रत्येकात तोच पासवर्ड ठोकत बसतात. काही जण विंडोजचा पिनसुद्धा टाकतात, तो तर सर्व्हरला ठाऊकही नसतो.

जुन्या कनेक्शनसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अशी. फाइलची एक प्रत करा (मूळ फाइलवर हे अजिबात नको) आणि प्रतीचं एक्सटेन्शन बदलून झिप करा. आत 'एक्सएल' फोल्डर दिसेल, त्यात 'कनेक्शन्स' नावाची एक्सएमएल फाइल. नोटपॅडमध्ये उघडा. वर्कबुकमधली सगळी कनेक्शन्स एकाखाली एक दिसतात, विसरलेलीही. पासवर्ड साठवलेला असेल तर तो तिथे सरळ वाचता येतो, झाकलेला वगैरे काही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण ती फाइल आम्ही मेलवर फिरवत होतो. ज्या ओळीत 'मॅशअप' शब्द दिसेल ते पॉवर क्वेरीचं कनेक्शन, त्यात पासवर्ड नसतो. फाइल उघडायलाच पासवर्ड लावलेला असेल तर मात्र ती झिप म्हणून उघडणार नाही.

मग एक्सेलमध्ये डेटा टॅबवर क्वेरीज अँड कनेक्शन्समध्ये जाऊन नको असलेली कनेक्शन्स काढा. उरलेल्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये डेफिनिशन टॅबवर 'सेव्ह पासवर्ड'ची टिक काढा. तिथेच 'ऑल्वेज यूज कनेक्शन फाइल' यावर टिक असेल तर तीही बघा. ती असली की बाहेरच्या कनेक्शन फाइलमधल्या जुन्या माहितीने तुमची वर्कबुकमधली दुरुस्ती पुसली जाते आणि तुम्हाला वाटतं आपण केलंच नव्हतं. उघडताना रिफ्रेश, दर काही मिनिटांनी रिफ्रेश आणि वर मॅक्रोमध्येही रिफ्रेश असं तिहेरी कडबोळं असेल तर एकच ठेवा.

पॉवर क्वेरीचं तंत्र वेगळं. तिथे पासवर्ड फाइलमध्ये नाही, त्या कॉम्प्युटरवर त्या युजरच्या नावाने साठतो. त्यामुळे सहकाऱ्याला फाइल पाठवल्यावर त्याला एकदा विचारलं जाणारच, तो बिघाड नाही. पण तुम्हाला रोज विचारत असेल तर गेट डेटामधून डेटा सोर्स सेटिंग्ज उघडा आणि त्या सोर्सची परवानगी साफ करून पुन्हा द्या. 'क्लिअर ऑल'ला हात लावू नका, बाकी सगळ्या सोर्सची लॉगिनंही जातील. लॉगिन देताना खाली एक यादी असते, ही परवानगी कुठल्या पातळीला लावायची ते विचारणारी. तुम्ही शेअरपॉइंटचाही उल्लेख केलाय म्हणून सांगते: तिथे पूर्ण पत्ता निवडला तर दुसऱ्या फोल्डरची फाइल जोडली की पुन्हा विचारणार. साइटची पातळी निवडा, आणि प्रकार 'ऑर्गनायझेशनल अकाउंट' ठेवा. घाईत 'अ‍ॅनॉनिमस' दाबलं गेलं तर तेच लक्षात ठेवलं जातं आणि मग नुसते एरर.

माझं ठाम मत विचाराल तर सामायिक लॉगिन ही पद्धतच मोडीत काढायला लावा. प्रत्येकाला स्वतःच्या विंडोज ओळखीवर वाचण्यापुरता हक्क द्या, मग साठवायला पासवर्डच उरत नाही. अट एवढीच की लॅपटॉपवर तुम्ही कंपनीच्या खात्यानेच आत आलेले असायला हवे. तसं असूनही अडत असेल तर घड्याळ बघा. केर्बेरॉसला (विंडोज ओळख तपासायची पद्धत) सर्व्हर आणि तुमच्या मशीनच्या वेळेत साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

मी डेटाबेसची तज्ज्ञ नाही, आणि मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतील. परवानग्यांना हात लावण्याआधी तुमच्या आयटीला विचारा. विचारताना लॉग मागायला मात्र विसरू नका, आणि 'रिसेट केला' असं उत्तर आलं तर तिकीट बंद करायला संमती देऊ नका.