मुलगी जर्मनीला निघाली आहे म्हणून

ताई, मुलीला विमानतळावर निरोप देऊन परतल्यावर तिची खोली लगेच आवरायला घेऊ नका. आम्ही मुलाची खोली आठ दिवसांतच आवरली आणि पुढे त्याने फोनवर विचारलेली प्रमाणपत्रांची फाईल शोधताना सारे घर पालथे घातले. जर्मनीतले घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असल्यामुळे, आपली जेवणे उरकल्यावर साडेनऊच्या सुमारास, तिकडे संध्याकाळ झालेली असताना फोन करावा, मात्र रोज नव्हे. ‘जेवलीस का’ हा प्रश्न आपल्या जिभेवरून हटत नाही, हे मी जाणते. परंतु त्याऐवजी तिने स्वतः काय रांधले हे विचारल्यास ती अधिक मोकळेपणाने बोलेल. स्वयंपाकाचे प्रमाण कमी करायला मला सहा महिने लागले, आणि अजूनही कधीकधी कुकरमध्ये तिघांचाच भात लावला जातो.