तारे विझू देऊ नका म्हणून रडणारी मुलगी

प्रश्न: नमस्कार दादा, कॉलेजात असताना लायब्ररीत एक इंग्रजी विज्ञानकथा वाचलेली, पुस्तकाचं कव्हरच फाटलेलं त्यामुळे नाव, लेखक काहीच माहीत नाही. एक कुटुंब यानातून चाललंय, तारे विझणार ऐकून लहान मुलगी रडते, मग कॉम्प्युटरला काहीतरी विचारतात. कॉम्प्युटर बंद करायला धावलेल्या माणसावर वीज पडते आणि शेवटी आकाशातले तारे गुपचूप विझत जातात. पण कॉम्प्युटरने त्या प्रश्नाचं उत्तर काय दिलं तेच आठवत नाही. कुठली असेल ही?

उत्तर: रडणारी मुलगी वाचली आणि लगेच ओळखलं, इतकी ती माझ्या आवडीची आहे! आयझॅक असिमोवची 'द लास्ट क्वेश्चन', १९५६ सालची. पण तुमच्या आठवणीत तीन कथा एकत्र झाल्यात. वीज पडते ती फ्रेड्रिक ब्राउनची 'आन्सर' (१९५४), जेमतेम पानभराची, त्यात सगळ्या ग्रहांवरचे कॉम्प्युटर जोडून देव आहे का असं विचारतात. आणि तारे विझतात ती आर्थर क्लार्कची 'द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड' (१९५३), तिबेटी मठातले भिक्षू देवाची सगळी नावं काढायला कॉम्प्युटर आणतात ती. तिन्हीत कॉम्प्युटर, तिन्हीत प्रश्न विश्वाएवढा, म्हणजे सरमिसळ होणारच.

असिमोवची कथा २०६१ मध्ये सुरू होते. मल्टीव्हॅक या अवाढव्य कॉम्प्युटरमुळे पृथ्वीला सगळी ऊर्जा थेट सूर्याकडून मिळायला लागलीय, त्याची देखभाल करणारे दोघं जण पीत बसलेत, आणि हे कायम पुरेल की नाही यावरून पाच डॉलरची पैज लागते. म्हणजे प्रश्न एंट्रॉपीचा. उष्णता गरमकडून थंडकडे जाते, सगळं समान झालं की काम करायला ऊर्जाच उरत नाही, मग हे उलटं फिरवता येईल का? मल्टीव्हॅक म्हणतो, पुरेशी माहिती नाही.

त्यानंतर तुमचा प्रसंग. बाप मुलींना समजावतो की तारेसुद्धा एक दिवस संपतात, तर धाकटी विचारते, माझ्या रोबोटला बसवतो तसं नवीन पॉवर युनिट नाही का बसवता येणार? बाप म्हणतो, अगं तारे हीच पॉवर युनिट्स आहेत, आणि दोघी भोकाड पसरतात. मग तो यानातल्या मायक्रोव्हॅकला विचारतो, आणि उत्तराची पातळ पट्टी हातात घेऊन मुलींना सांगतो, वेळ आली की मायक्रोव्हॅक सगळं बघून घेईल म्हणतोय. पट्टीवर काय असतं? तेच, पुरेशी माहिती नाही. मला अख्ख्या कथेत हीच जागा सगळ्यात जास्त भिडते, विश्वाचा शेवट एका बापाला झोपेच्या वेळी मुलींपासून लपवावा लागतो.

आणि विसरलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ही असिमोवची स्वतःची सगळ्यात आवडती कथा, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की लोक तिचं नाव विसरून त्यालाच विचारायचे, एकाने तर लांबून फोन केला आणि तो पुढे काही सांगायच्या आत असिमोवने नाव सांगून टाकलं, ते बरोबर निघालं.

'नाइन टुमॉरोज' किंवा 'रोबोट ड्रीम्स' या संग्रहांत मिळेल. शेवटचं उत्तर मी मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला तेवढंच आठवत नाहीये तर ते परत एकदा पहिल्यांदा वाचायला मिळू दे.